पोराची फाइल परळला, घर गावाला : देणगीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास मी गेली अकरा वर्षं एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून जाते. काम म्हणाल तर फॉर्म भरून देणं, रांगेत उभं राहणं आणि फोन उचलणं. देणगी द्यायची इच्छा असलेले लोक तेच ते प्रश्न विचारतात आणि मी तीच ती उत्तरं देते, म्हणून एकदाची लिहून काढली. यात लहान मुलांच्या कॅन्सरबद्दल जास्त आहे, कारण मी तेच जवळून पाहिलंय.

सरकारी योजना आहे, टाटामध्ये जनरल वर्गातल्या पेशंटला खर्चही कमी येतो. मग देणगी लागते कशाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि बरोबरच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. शिवाय हॉस्पिटलचे स्वतःचे मदतनिधी आहेत, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायकासारखे न्यास आहेत. बिलाचा मोठा भाग कुठून ना कुठून उभा राहतो. धावपळ होते, पण राहतो.

घर मोडतं ते मुक्कामात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही एएलएल नावाचा प्रकार. त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिले सहा-आठ महिने तर हॉस्पिटलपासून लांब जाताच येत नाही. आज रक्ताची तपासणी (सीबीसी), परवा पाठीतलं इंजेक्शन, तेरवा ताप. एवढे महिने मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, आणि गावाकडे राहिलेल्या दुसऱ्या पोरांना कोण बघणार, याचं कलम कुठल्याच योजनेत नाही.

एक जोडपं आठवतं, बीडकडचं, ऊसतोडीचं. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन दोघं कारखान्यावर गेली होती. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दीड महिन्यात पोराच्या अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बार्शी, तिथून मुंबई. आई पोराबरोबर परळला आली म्हणजे कोयता अर्धा झाला, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी टोळीत ठेवत नाही. बापाचंही काम सुटलं. उचल मात्र अंगावर तशीच, पुढच्या हंगामात फेडायची. पोराच्या औषधाचा एक रुपया त्यांना भरावा लागला नाही, हे खरं आहे. आणि चौथ्या महिन्यात बाप मला म्हणाला, "ताई, आम्ही आता जातो," हेही तितकंच खरं आहे.

तुमची देणगी या चौथ्या महिन्यासाठी लागते.

उपचार फुकट मिळत असताना मध्येच कोण सोडून जाईल?

बरेच जण जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. उशिरा निदान, औषधं न मिळणं ही कारणं आहेतच, पण उपचार अर्धवट सुटणं हेही त्यातलं मोठं कारण आहे.

गंमत अशी की सोडण्याचा धोका मूल फार आजारी असताना कमी असतो. तेव्हा सगळे घाबरलेले असतात. सहा महिन्यांनी केस परत यायला लागतात, पोरगं जिन्यावरून उड्या मारायला लागतं, आणि डॉक्टर सांगतात की आता दीड-पावणेदोन वर्षं रोज गोळ्या, ठरलेल्या तारखेला तपासणी. गावातली माणसं म्हणतात, "बरा झालाय की, कशाला विष देता?" तिकिटाला पैसे नसतात. एक तारीख चुकते, मग दुसरी चुकवायला काही वाटत नाही. त्या गोळ्यांची किंमत फार नसते. तारखेला मुंबईला पोचवणारे आठशे रुपये नसतात.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला त्या वर्गांत ७५ टक्के. हॉस्पिटलचा दाखला लागतो. पण स्टेशनपासून गाव तीस किलोमीटर असेल तर पुढे वडाप आलीच.

धर्मशाळेत सोय होते ना?

होते, पण जागा कमी आणि माणसं फार. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही नावं टाटाच्या ओपीडीत कुणालाही विचारा. २०२१ मध्ये म्हाडानेही १०० घरं पेशंटच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरवलं. आधी ठरवलेल्या इमारतींतल्या रहिवाशांची तक्रार झाली म्हणून जागा बदलावी लागली, हे त्यातलं न बोललेलं बरं.

तरी हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहिलेली कुटुंबं तुम्हाला आजही दिसतील. मोठ्या माणसाचं एकवेळ निभतं. केमो चालू असलेल्या मुलाचे काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशी, खाली आले की साध्या जंतूशी लढायला अंगात काही नसतं. अशा मुलाला १०० च्या वर ताप गेला की ती इमर्जन्सी, मग रात्रीचे दोन असोत की पाऊस पडत असो. म्हणून मुलांसाठी वेगळी जागा लागते : स्वच्छ संडास, गाळलेलं पाणी, कमी गर्दी, हॉस्पिटल टॅक्सीच्या टप्प्यात. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं याच विचारातून उभी राहिली. एका कुटुंबाला एक कोपरा, जेवण ज्याचं त्याने करायचं, राहायला पैसे नाहीत.

ज्याचं त्याने जेवण, यावर लोक नाक मुरडतात. म्हणतात, तयार जेवण द्या ना सगळ्यांना. त्यांनी एकदा स्टेरॉइडचा महिना बघावा. सुरुवातीच्या चार-पाच आठवड्यांत मुलाला स्टेरॉइड चालू असतं आणि पोराला अशी भूक लागते की विचारू नका. चार वर्षांची एक मुलगी रात्री अडीचला उठून बसायची आणि म्हणायची, भाकरी पाहिजे, झुणका पाहिजे, आत्ता. आई डोळे चोळत सामायिक स्वयंपाकघरात जायची. तिथे आधीच एक बंगाली बाई मासे तळत असायची, बिहारची एक जण पराठा लाटत असायची. तिघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाहेरचं खाणं मुलाला चालत नाही, आणि त्या वेळी भाकरी म्हणजे भाकरीच लागते. तर एक गॅस, एक तवा आणि पीठ यांवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत, माझ्यावर विश्वास ठेवा.

शिधा द्यायचा तर फक्त आजारी मुलाला का देत नाही? घरच्यांना कशाला?

कारण आई पेशंटचं अंडं पेशंटला भरवून स्वतः चहापाव खाऊन राहते. तीन आठवड्यांनी ती पडते, मग मुलाजवळ कोण? आणि धाकटं भावंड सोबत असेल तर अंड्याचे दोन भाग होतातच, ते कुठल्याही घरात होतील. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही, डोस पुढे ढकलावे लागतात. म्हणून आहारतज्ज्ञ मुलाचं वेगळं लिहून देतात आणि डाळ-तांदूळ-तेलाची पिशवी सगळ्यांसाठी असते.

माझे पैसे पगारावर का खर्च व्हावेत? मला ते थेट मुलांना जायला हवेत.

या प्रश्नावर मी पूर्वी गुळमुळीत उत्तर द्यायचे. आता देत नाही.

मघाशी ते "आम्ही आता जातो" म्हणालेलं जोडपं सांगितलं ना, ते गेलंच. रात्रीची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी मुलाचं नाव पुकारलं तेव्हा कुणी उठलं नाही. हे लक्षात आलं एका पगारी समाजसेविकेच्या, कारण कोण आलं नाही याची यादी करणं हेच तिचं काम होतं. तिने बापाला फोन लावला, बंद. मग फॉर्मवर लिहिलेल्या शेजाऱ्याला, मग गावच्या आशाताईला. आशाताई घरी गेली. पुढे तीन दिवस फोन चालले. उचलीबद्दल मुकादमाशीसुद्धा ती बोलली. काय बोलली ते तिने मला कधी सांगितलं नाही, पण मुकादम एक हंगाम थांबला. आठव्या दिवशी मायलेक परत आली. पोरगं आता सातवीत आहे.

मी स्वयंसेवक. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. ते कुटुंब बुधवारी रात्री गेलं. माझ्या चांगुलपणाचा त्यांना काही उपयोग नव्हता, तिच्या पगाराचा होता.

अर्थात संस्थेचा सगळाच पैसा कार्यालयात आणि समारंभांत मुरत असेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे. पण "पगार शून्य" असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेला मी आधी विचारते, तारखेला न आलेल्या पेशंटला फोन कोण करतं?

संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. शेवटच्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट मागा. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात जातायत ना ते बघा, कुणाच्या खासगी यूपीआयवर पाठवू नका. आणि मुंबई-ठाण्यात असाल तर एकदा जाऊन या. खरी संस्था आधी वेळ ठरवून यायला सांगेल, मुलांना हात लावण्याआधी साबण दाखवेल आणि फोटोला नाही म्हणेल.

सिग्नलवर डबा घेऊन, मुलाच्या फोटोची झेरॉक्स लॅमिनेट करून फिरणाऱ्यांना मी देत नाही. त्यातलं एखादं खरं असेलही. त्याला हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाचं नाव सांगा, खरं असेल तर तो तिथे जाईल.

कुटुंबालाच थेट पैसे दिले तर?

ओळखीचं कुटुंब असेल तर जरूर द्या, हिशेब मागू नका. अनोळखी असेल तर हॉस्पिटलमध्ये त्या मुलाच्या फाइल नंबरवर पैसे जमा करता येतात का ते समाजसेवा विभागात विचारा. बिलापुरता हा रस्ता सगळ्यात सरळ आहे, पण भाडं आणि डबा त्यातून निघत नाही.

मोबाइलवर क्राउडफंडिंगचे व्हिडिओ येतात. ते खरे असतात का?

पुष्कळसे खरे असतात. २०२१ मध्ये स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या दुर्मीळ आजाराच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी पैसे उभे केले, तेव्हा मीही पाचशे टाकले होते. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत केईएम त्यातलं एक केंद्र आहे. पण ५० लाख आणि १६ कोटी यांतलं अंतर कुणीतरी चालून जायला हवं, तिथे क्राउडफंडिंगशिवाय दुसरं काही हाताशी नसतं.

मला खटकतं ते वेगळं. गोरं, टपोऱ्या डोळ्यांचं, व्हिडिओत रडणारं बाळ असेल तर पैसे चटकन जमतात. चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, हाडाच्या कॅन्सरने पाय गमावलेला मुलगा कॅमेऱ्यासमोर गप्प बसतो, त्याचे जमत नाहीत. आजार दोघांचाही तितकाच. वर रक्कम किती उरली, कमिशन किती गेलं, मूल बरं झालं का, हे देणाऱ्याला क्वचितच कळतं. देण्याआधी हॉस्पिटलचं अंदाजपत्रक आहे का आणि पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जाणार का, एवढं वाचा.

मोठ्या खासगी हॉस्पिटलांत गरिबांसाठी खाटा असतात म्हणे?

असतात, आणि ती मेहेरबानी नव्हे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केली. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन जा. आम्हाला एका ठिकाणी सलग चार दिवस "खाट नाही" ऐकवलं. पाचव्या दिवशी सोबतच्या वकिलांनी धर्मादाय आयुक्तांकडच्या तक्रारीची प्रत टेबलावर ठेवली आणि खाट निघाली. अशा कामी एखाद्या वकिलाचे दोन तास हेसुद्धा दानच.

मुलांच्या जन्मजात हृदयविकारासाठी खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्र आहे, तिथे शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत. ज्यांना हे माहीत नसतं ते आधी जमीन गहाण टाकून मोकळे होतात.

८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेल का?

नोंदणी असलेल्या संस्थेला दिले तर मिळेल, साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर, मर्यादेत. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर नाही. थेट कुटुंबाला दिले तर नाही. पावती नव्हे, संस्थेने काढलेलं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

आम्ही अमेरिकेत असतो. महाराष्ट्र मंडळातून पैसे जमवून पाठवले तर चालतील?

पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी नागरिकत्व परकं असेल तर धरतात, आणि मंडळाचे एकत्र पैसेही. मग ते फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात पाठवावे लागतात. भावाच्या खात्यात टाकून "तू दे" म्हणणं अंगाशी येऊ शकतं, हे सीएला विचारूनच करा.

पैसे नाहीत, पण काही करायचंय.

प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, द्या. रक्तदानाची शिबिरं आपल्याकडे भरपूर होतात, प्लेटलेट्सचं कुणाला सुचत नाही. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, आणि केमो चालू असलेल्या मुलाला त्या आज हव्या असतात. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं : एका हातातून रक्त जातं, प्लेटलेट्स काढून उरलेलं परत येतं. वजन ५० किलोंच्या वर, वय १८ ते ६०, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. रक्त दिलं की पुरुषाला ९० दिवस थांबावं लागतं, प्लेटलेट्स ४८ तासांनीही परत देता येतात, वर्षाला २४ वेळा. आमच्या ओळखीचा एक बेस्टचा ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी येतो, मशीनवर बसून पेपर वाचतो आणि बिस्किटाचा पुडा वॉर्डात कुणालातरी देऊन जातो.

मुलाचा वाढदिवस वॉर्डातल्या मुलांसोबत साजरा करायचा आहे. खेळणी, केक, जुने कपडे आणू?

केक नको. फुगे नकोत. जुने कपडे आणि मऊ खेळणी तर अजिबात नकोत, धूळ आणि जंतू त्यांतच बसतात. नवीन, धुता येणारी खेळणी, रंगपेट्या, चांगले कान झाकणाऱ्या टोप्या चालतात. फोटो नको. टक्कल पडलेल्या आठवीतल्या मुलीला तुमच्या स्टेटसवर यायचं नसतं, आणि पिशवी हातात असताना तिची आई नाही म्हणू शकत नाही.

एवढं करून मूल वाचलं नाही तर?

तर मदत थांबवायची नसते. खरं तर त्या रात्री ती सगळ्यात तातडीची असते. परळहून जळगाव किंवा गोंदियाला मूल घेऊन जायचं म्हणजे खासगी ॲम्ब्युलन्सवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो, आणि त्या वेळी आईबाप घासाघीस करणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं. आम्ही काही देणगीदारांना विचारून यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवतो. या कामाला देणगी मागणं अवघड जातं, देणाऱ्याला आनंद वाटावा असं यात काही नसतं. ज्यांनी दिलेत त्यांनी पुन्हा कधी चौकशी केलेली नाही.

टाटा हॉस्पिटलची गोष्टसुद्धा इथूनच सुरू होते. १९३१ साली लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने १९४१ मध्ये परळला हे हॉस्पिटल उभं केलं.

मग नेमके किती द्यावेत आणि कधी?

जमतील तितके, पण दर महिन्याला. ५०० रुपयांची स्थायी सूचना बँकेत घालून ठेवली की आम्हाला पुढच्या चार महिन्यांचं भाडं कबूल करता येतं. एकदम आलेल्या ५० हजारांतून एक यंत्र येतं, त्याचा फोटो येतो आणि भाड्याचा प्रश्न तिथेच राहतो. मार्चमध्ये टॅक्ससाठी आणि दिवाळीत मन मोठं झालं म्हणून पैसे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे खडखडाट असतो, आणि पावसात ताप वाढलेले असतात, गावाकडे पेरणी झालेली असते, कुणाच्याच हातात पैसा नसतो. "पेशंट कोण आहे ते निवडू दे" असं काही जण म्हणतात, ते आम्ही करत नाही. कशासाठी ते मात्र लिहू शकता. बहुतेक जण "औषधासाठी" लिहितात. "भाडे आणि गाडीखर्च" असं लिहिलंत तर त्याचा आम्हाला जास्त उपयोग होतो.